राजूबाईचा रोमी टाक

हे तुम्ही खरं मानणार नाही.

पैज लावून सांगतो. भालकीपासून हुमनाबादपर्यंत ज्याला ज्याला हे सांगितलं, त्यानं मान हलवली, चहा पिला आणि घरी जाऊन बायकोला म्हणाला, दाराची कडी नीट लाव. विश्वास मात्र एकानंही ठेवला नाही.

पण घडलंय. माझा सख्खा चुलता हरिबा त्या माणसाचा छकडा हाकायचा. त्याच्या डोळ्यांदेखत घडलंय.

आणि भूत म्हणजे अमावास्येची रात्र, पिंपळ, पांढरं लुगडं... असलं काही मनात धरून बसला असाल तर सोडा. हे भर दुपारी घडलंय. चैत्रातल्या उन्हात. कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, त्या वेळी.

"मग सांग की, आण्णा," सिद्धव्वा म्हणाली. गुऱ्हाळावर बसलो होतो. काहीलीतल्या रसाला उकळी यायला अवकाश होता. ही भालकीचीच म्हातारी, चिपाडाच्या ढिगावर फतकल मारून बसलेली. "नुसता घोळवायलास कामून?"

"सांगतो. मधी बोलायचं न्हाई."

निजामाचं राज्य होतं. रझाकारांची गडबड अजून यायची होती. भालकीला जयतीर्थराव नावाचे गिरदावर आले. गिरदावर म्हणजे गावोगाव फिरून जमिनीची, पिकांची पाहणी करणारा सरकारी माणूस. गुलबर्ग्याचे. चांगले शिकलेले. पान नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत.

एकच नाद.

जुनी नाणी. त्यातही रोमची. त्यातही चांदीची.

आता तुम्ही म्हणाल, रोम कुठं आणि भालकी कुठं. पण जयतीर्थरावांना विचारलं असतंत तर त्यांनी जेवण सोडून सांगितलं असतं. दोन हजार वर्षांपूर्वी त्या मुलखातल्या लोकांना आपल्याकडचं कापड हवं असायचं, मिरी हवी असायची. बदल्यात ते चांदी द्यायचे. ती गलबतांतून कोकणकिनाऱ्याला उतरायची, बैलांच्या पाठीवर घाट चढायची आणि तेर गावच्या बाजारातून आपल्या काळ्या मातीत मुरायची. कुणी गाडग्यात पुरून ठेवायचं आणि मरायचं. मग कधीतरी नांगराला गाडगं लागायचं.

असं नाणं हातात आलं की जयतीर्थराव ते कानाशी धरायचे. म्हणायचे, समुद्र ऐकू येतो.

त्यांची बायको वृंदा हसायची. नवीन संसार होता. भालकीच्या घरात ती येऊन वर्षही झालं नव्हतं. "मी बोललेलं ऐकू येत नाही," ती म्हणायची, "आणि नाण्यातला समुद्र ऐकू येतो!"

तर एकदा जयतीर्थराव पाहणीला हुलसूरच्या बाजूला गेले. आप्पाराव म्हणून एक बडे शेतकरी होते, त्यांच्या ओसरीवर टेकले. आप्पारावांची बायको कलाबाई ताक घेऊन आली. पेला ठेवायला वाकली...

आणि तिच्या गळ्यातून काहीतरी बाहेर लोंबलं.

पावलीएवढी चांदी. काळवंडलेली. वर कडी बसवून काळ्या दोऱ्यात ओवलेली. त्यावर एक तोंड, बाजूनं दिसणारं. डोक्याला पानांचा पट्टा. पट्ट्याच्या फिती गाठ मारून मानेवर सोडलेल्या. गालावर छिन्नीचा जुना घाव. आणि कडेनं... रोमी अक्षरं.

जयतीर्थरावांनी ताकाला हातही लावला नाही.

"हे काय आहे?"

"टाक हाय, सरकार," आप्पाराव म्हणाले. "आमच्या थोरलीचा."

थोरली म्हणजे राजूबाई. पहिली बायको. विहिरीत गेली होती. पाय घसरला, असं आप्पाराव सांगायचे. गाव काहीच सांगायचं नाही.

वर्ष व्हायच्या आत कलाबाई आली. आता, मेलेल्या बाईच्या जागेवर येऊन बसायचं म्हणजे गळ्यात सवतीचा टाक बांधावा लागतो. चांदीचा तुकडा, त्यावर बाईचं रूप. कुंकू आधी टाकाला, मग स्वतःला. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. घास आधी तिला दाखवायचा. तिचं आधी, मग आपलं. असं केलं की मेलेली सवत गप राहते.

कलाबाईच्या लग्नाच्या वेळी सोनाराला टाक करायला सांगणार, तेवढ्यात आप्पारावांच्या शेतात हे नाणं निघालं. सगळ्यांनी फिरवून फिरवून बघितलं. मिशी नाही. म्हणजे बाईच. मागं फिती. म्हणजे वेणीचे गोंडे. आणि राजूबाईच्या गालावर लहानपणापासून एक वण होता...

इथंही होता.

"तीच आलीय," बायका म्हणाल्या. कडी बसवली आणि कलाबाईच्या गळ्यात बांधलं.

हे ऐकून जयतीर्थरावांना हसू आवरेना.

"अहो, बाई कुठली! हा रोमचा बादशहा आहे. टायबेरियस. त्या लोकांत मिशा ठेवायची रीत नव्हती. आणि हे गोंडे नाहीत, हा त्याचा मुकुट आहे!"

आप्पारावांचं तोंड पडलं. "म्हंजे इतकी वर्सं आमी बाप्या पुजायलाव व्हय?"

कलाबाई मात्र हसली नाही. तिनं टाक पदराआड केला.

"बादशा असंल," ती म्हणाली. "पर आता त्यात ती बसलीय न्हवं."

जयतीर्थरावांनी नवा टाक करून देतो म्हणून सांगितलं. बीदरहून, जड चांदीचा, नक्षीचा.

"न्हाई."

गोड बोलून पाहिलं. "न्हाई, सायब." आप्पाराव तिच्यावर डाफरले. तरी न्हाई.

तेव्हा जयतीर्थरावांनी तो एक शब्द काढला, जो काढायला नको होता.

"दफिना," ते म्हणाले. "जमिनीत सापडलेलं धन सरकारचं असतं, ठाऊक आहे ना? तुम्ही लपवलंत. मी वर कळवलं तर आप्पाराव, तुम्हाला चावडीत बसवतील."

आप्पारावांच्या कपाळावर घाम आला.

कलाबाईनं गिरदावरांकडं बघितलं. आणि मग... हसली.

"देते की, सायब. सरकारचं सरकारला. पर टाक असा हातावर काढून देत नसतेत. सवाष्णीच्या ओटीत घालावा लागतोय. मालकीणबाईंना घिऊन या."

इतका शिकलेला माणूस. दोन हजार वर्षांपूर्वीचं अक्षर न् अक्षर त्याला वाचता यायचं. पण समोरच्या बाईच्या तोंडावर काय लिहिलंय, ते नाही वाचता आलं. त्यांना वाटलं, शेतकऱ्याची बायको आहे, मान राखतेय.

पुढच्या बाजाराच्या दिवशी हरिबानं छकडा जुंपला. जयतीर्थराव आणि वृंदा दोघं आले.

कलाबाईनं वृंदाला पाटावर बसवलं. हळदीकुंकू लावलं. खण, नारळ, तांदूळ ओटीत घातले. मग गळ्यातला दोरा काढला. टाक ओठांशी धरला, जयतीर्थरावांकडं बोट केलं आणि त्या टाकाशी काहीतरी पुटपुटली.

आणि तो वृंदाच्या ओटीत सोडला.

मग रिकाम्या गळ्यावरून तिनं हात फिरवला. पुन्हा पुन्हा फिरवला.

परतताना हरिबाचे बैल चालेनात. सपाट वाट, हरिबाच्या मागं छकड्यात दोनच माणसं. पण बैल फेसाटले होते. हरिबा मरेपर्यंत सांगायचा, "बैलाला खोटं बोलता येत न्हाई. ते तिघांना ओढायले होते."

"तुझ्या चुलत्याला येत होतं की," सिद्धव्वा म्हणाली.

"तुला म्हणलं ना, मधी बोलू नको."

घरी आल्या आल्या जयतीर्थरावांनी नाणं रिठ्याच्या पाण्यात टाकलं. काळं निघालं. मग लाल निघायला लागलं. कुंकू असणार, वर्षानुवर्षांचं. पाणी बदललं. पुन्हा लाल. पुन्हा बदललं...

पुन्हा लाल.

मग त्यांनी कानस घेतली. संग्रहातल्या नाण्याला कडी म्हणजे त्यांना बैलाची वेसण वाटायची. कडी कापली. ती फरशीवर पडली.

टिण्ण असा आवाज यायला हवा होता.

आवाज आला तो... विहिरीत पोहरा आदळावा तसा. खोल. खाली पाणी असलेला.

त्यांच्या घरात विहीर नव्हती.

"वृंदा," त्यांनी हाक मारली, "पाणी आण गं जरा."

"आणते," स्वयंपाकघरातून आवाज आला.

पाणी काही आलं नाही. थोड्या वेळानं पुढचं दार उघडलं आणि वृंदा आत आली. शेजारी पापड लाटायला गेली होती.

जयतीर्थराव उठून स्वयंपाकघरात गेले.

कुणी नव्हतं. फक्त वृंदाचा पाट... ओला होता.

माणूस शिकलेला असला की त्याच्याजवळ कारणांची कमी नसते. मांजर असेल. शेजारचा आवाज असेल. ऊन लागलं असेल. जयतीर्थरावांनी नाणं मखमलीच्या खणात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागले.

पण वृंदा बदलत चालली.

सकाळी लावलेलं कुंकू दुपार झाली की कपाळावर नसायचं. पुसलेलं नाही. नसायचंच. तिनं भात वाढून घेतला की त्यात पाणी निघायचं, गार, शेवाळाच्या वासाचं. नवं लुगडं नेसली तर पदर आपोआप फाटायचा. आणि केस... चैत्राच्या उन्हात अंगणात बसली तरी तिचे केस वाळेनात. टोकांतून थेंब पडायचे.

टप्.

टप्.

"अहो," ती एकदा म्हणाली, "मला ह्या घरात पाहुणी आल्यासारखं वाटतंय."

"काहीतरीच काय."

"त्या म्हणतात, माझ्या पाटावरून ऊठ."

"कोण त्या?"

वृंदानं स्वयंपाकघराकडं बघितलं. आणि आवाज अगदी बारीक करून म्हणाली,

"थोरल्या."

"ते नाणं देऊन टाका," ती म्हणाली. रडली. पाया पडली. जयतीर्थराव म्हणाले, बघू. आधी गुलबर्ग्याच्या स्नेह्याला ठसा पाठवतो, मग बघू. कारण इतकं स्वच्छ, इतकं ठसठशीत नाणं त्यांच्याकडं दुसरं नव्हतं. खरं सांगायचं तर ते बायकोकडं बघत होते आणि मनात नाणंच फिरवत होते.

दुपारी ते ठसा घ्यायला बसले. नाण्यावर पातळ कागद धरायचा, वरून पेन्सिल हळूहळू घासायची. खालचं चित्र कागदावर उमटतं. पुढची बाजू झाली. बादशहा नीट उमटला.

नाणं उलटं केलं. मागच्या बाजूला खुर्चीवर बसलेली एक बाई असते. एका हातात काठी, एका हातात डहाळी. कुणी म्हणतं, बादशहाची आई.

पेन्सिल फिरू लागली. खुर्चीचे पाय आले. पाठ आली. अक्षरं आली.

बाई आली नाही.

त्यांनी कागद बदलला. पुन्हा घासलं. खुर्ची होती. काठी होती, नुसती टेकून ठेवल्यासारखी.

खुर्ची रिकामी होती.

त्यांनी कागद उचलून नाण्याकडं बघितलं. तिथंही...

आणि मागं, स्वयंपाकघरात, बांगड्या वाजल्या. भरगच्च. काचेच्या. वृंदाच्या बांगड्या तर आदल्याच दिवशी एकेक करून फुटल्या होत्या.

ते धावले. वृंदा मोरीपाशी पडली होती. ओठ निळे. तोंडातून पाणी येत होतं. घरच्या हंड्यातलं नव्हे. हिरवट. आणि तिच्या बोटांना शेवाळ लागलं होतं, विहिरीच्या दगडाला धरून वर यायची धडपड केल्यासारखं.

शेजारणीला तिच्याजवळ बसवून जयतीर्थराव छकड्यात चढले. हरिबानं बैल असे पळवले की चाकाची लोखंडी धाव निसटायची राहिली.

कलाबाई अंगणात तुरी पाखडत बसली होती. गळा मोकळा. अंगानं भरली होती. गाणं म्हणत होती.

"काय सांगून दिलंस तू त्या टाकाला?" जयतीर्थराव ओरडले.

कलाबाईनं सूप खाली ठेवलं नाही. "तुमचं नाव सांगितलं, सायब. म्हणलं, अक्का, आजपसनं तुजा मालक ह्यो. तुजं घर ते. आन ही बसलीय ना पाटावर, ही तुजी सवत."

"परत घे. हे घे, आत्ताच्या आत्ता परत घे."

"ओटीत घातलेलं कुणी परत घेतंय व्हय?"

"अगं, बादशहा आहे तो! राजूबाईचा आणि त्याचा काही संबंध नाही!"

"असंल की," कलाबाई म्हणाली. "तिला कुठं ठाव हाय?"

जयतीर्थराव गिरदावर तिच्यासमोर मातीत बसले. डोक्याची पगडी काढून हातात धरली. "माझी बायको मरतेय."

कलाबाईचं सूप थांबलं. तिला वृंदाची दया आली असावी, गिरदावरांची नव्हे.

"चावडीत बसवतो म्हणलाव तवा मी बी कुणाची तरी बायकोच होते," ती म्हणाली. "मी जे केलं ते करा. मालकीणबाईच्या गळ्यात बांधा. कुकू आधी अक्काला. घास आधी अक्काला. तुमच्या तोंडानं म्हणा, थोरली तू, ही धाकली. जा."

"बांधू कसं? कडी... कापली मी."

आता मात्र तिच्या हातातून सूप पडलं. तुरी अंगणभर झाल्या.

"कडी कापली?"

"हो."

"बांधलेली होती ती, सायब," कलाबाई हळूच म्हणाली आणि उठून दोन पावलं मागं सरली. "बांधून ठिवलेली होती. तुमी सोडली."

मग तिनं घरात जाऊन दार लावून घेतलं. आतून अडसर घातल्याचा आवाज आला.

भालकीत बसवंतप्पा सोनार होता. जयतीर्थरावांनी नाणं त्याच्यापुढं टाकलं. त्यानं कडी धरली, डाक लावला, फुंकणीनं फुंकलं. कडी बसली. पाण्यात घातली की निखळली. पुन्हा लावली, पुन्हा निखळली. बसवंतप्पानं नाण्यावर नजर टाकली, मग गिरदावरांवर.

"चांदी तापंना झालीय, रावसाहेब," तो म्हणाला. "एवढं फुंकलं, तरी हाताला गारच लागतीय."

शेवटी त्यानं नाण्याभोवती तारेचा वेढा घातला, दोरा ओवला आणि मजुरीही न घेता दुकान झाकलं.

ऊन उभं होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. जयतीर्थराव घरात शिरले तेव्हा शेजारीण ओट्यावर बसली होती. म्हणाली, "तुमच्या घरच्या बाईंनी मला बाहेर बसा म्हटलं."

"वृंदानं?"

"छे. वृंदाताई तर निजल्यात. त्या दुसऱ्या... गालावर वण आहे, त्यांनी."

ते आत गेले.

वृंदा जमिनीवर होती. तिच्या पाटावर... पाट रिकामा होता. पण पाटाच्या कडेनं पाणी ओघळत होतं, कुणी न्हाऊन येऊन बसावं तसं. समोर ताट वाढलेलं. आणि ताटातला भात, हरिबा दारातून बघत होता, ताटातला भात कमी कमी होत होता.

जयतीर्थरावांनी टाक वृंदाच्या गळ्यात बांधला. कुंकवाची डबी उघडली. बोट टाकाला लावलं, त्या बिनमिशांच्या बादशहाच्या कपाळाला.

"राजूबाई," ते म्हणाले. "थोरली तू. ही धाकली. तुझं आधी. ह्या घरात सगळं तुझं आधी."

घर गप्प झालं.

मग ताटावर बोटं पुसल्यासारखा आवाज झाला... पाट किंचित सरकला... आणि कुणीतरी उठून, ओल्या पावलांनी, चपाक चपाक, जयतीर्थरावांच्या अगदी जवळून गेलं. इतकं जवळून की त्यांच्या खांद्यावर पाणी सांडलं.

आणि वृंदानं श्वास घेतला!

उठून बसली. केस कोरडे. ओठ लाल. म्हणाली, भूक लागली. जयतीर्थरावांनी बाकीची सगळी नाणी, मखमलीच्या खणासकट, हुमनाबादच्या वाटेवरच्या ओढ्यात टाकून दिली, आणि वृंदाबाईंनी पुढं सुखानं संसार केला, मुलं झाली, नातवंडं झाली, म्हाताऱ्या होऊन...

"खोटं."

सिद्धव्वा चिपाडावरून उठून उभी राहिली होती.

"काय खोटं?"

"आण्णा, पोर होते तवा मी त्या गिरदावराच्या घरी दूध घालायला जायची. बायकोचं नाव वृंदा नव्हतं. सुशीलाबाई होतं."

"नाव बदललं असंल. बामणांत बदलतेत."

"बदललं असंल म्हण," सिद्धव्वा म्हणाली. "मग त्या सुशीलाबाईच्या गळ्यात दोन टाक कामून होते? एक तुझ्या बादशाचा. दुसरा कुणाचा, ते सांग की."